ठिपके

रविवारी रात्री कुणाला न विचारता
कॉम्प्युटर स्वतःच नवा झाला.
सोमवारी पडद्यावर निळं तळं, 'स्वागत आहे',
आणि कोपऱ्यातलं ब्रेल छापायचं यंत्र
गप्प.

एरंडवण्यातल्या या मागच्या खोलीत
एरवी ओरडूनच बोलावं लागतं,
इतके दणके घालतं ते कागदावर.
आज पंख्याची कुरकुर ऐकू येत होती.
टिळेकर बाई म्हणाल्या,
'घरात कुणी रुसल्यासारखं वाटतंय हो.'

तपकीर गल्लीतून मी आलो. सॅकमध्ये
तीन केबल, पेचकस,
आणि 'होऊन जाईल' म्हणायची सवय.
नाही झालं.
ड्रायव्हर सापडत नाही.
कंपनीच्या यादीत यंत्राचं नावच उरलेलं नाही.
फोनवरची मुलगी फार गोड बोलली:
'सर, ते मॉडेल आम्ही बंद केलंय, नवीन घ्या.'
नवीन साडेसहा लाखांना.
गुरुवारी आठवीचा भूगोल. बावीस मुलं.

बटण दाबून धरलं, वीज दिली,
तर यंत्रानं आपलं आपण एक पान ठोकून दाखवलं.
म्हणजे जीव आहे.
दोघं एका केबलनं बांधलेले,
आणि ओळख दाखवायला तयार नाहीत.

दुपारी बाईंनी अर्धा डबा पुढे सरकवला.
'आम्ही पाटीवर उजवीकडून डावीकडे टोचायचो,
उलटं लिहायचं, कागद फिरवून सुलटं वाचायचं.
पाटी कुणी बनवली, कधी विचारलं नाही.
तू त्याला नाव कशाला विचारतोस?
ठिपके पोचले की झालं.'

मेथी तोंडात तशीच राहिली.
यादीच्या पार तळाशी एक पर्याय होता,
कुठल्याच कंपनीचा नसलेला:
फक्त मजकूर.
तो निवडला. जुना पोर्ट. छापा.

धाड.
धाड धाड धाड.
टेबलावरचा चहा थरथरला, मीही.

बाईंनी पानावर बोटं फिरवली
आणि डोळे मिटूनच हसत सुटल्या.
'अरे, हे इंग्रजी बरळतंय, तेही झोपेत!'
लिपीचं कोष्टक बदललेलं. तेही शोधलं,
तोवर बाहेर दिवे लागले होते.

दुसरं पान.
बोटं सावकाश चालली, एका जागी थांबली.
'घाटमाथ्यावर पाऊस जास्त का पडतो?
बरोबर. पण चौथ्या ओळीत एक ठिपका कमी आहे.'
मी कागद दिव्याखाली धरला.
मला सगळं पान सारखंच दिसत होतं.
'यंत्राचं नाही ते. टाइप करणाऱ्या जोगळेकरचं.'

निघताना आपोआप नवं व्हायची सोय बंद केली.
बिलात 'ओळख करून दिली' असं लिहायचं होतं,
लिहिलं 'सर्व्हिस चार्ज, सातशे'.

ते बरळलेलं पहिलं पान मात्र
सॅकमध्ये घडी घालून आणलं.
म्हात्रे पुलावर सिग्नलला थांबलो की
अंगठा फिरवतो त्यावरून.
खरखर लागते.
अजून एक अक्षर येत नाही.