अक्षराचं पोट

खडे बाजाराच्या वळणावर, शिडीच्या तिसऱ्या पायरीवर
भुजंग मुतगेकर पेंटर.
सुतळीचं एक टोक त्यांच्या दातांत,
दुसरं माझ्या चिमटीत.
"ताण गे पोरी. अजून. आता हलू नकोस."
टच्च.
निळीची पूड उडाली, आणि पिवळ्या पत्र्यावर
सरळ म्हणजे काय, ते उमटलं.

वडगावच्या मागवाल्यांची मी. घरी कन्नड,
गल्लीत मराठी, शिव्या दोन्हींत.
सुट्टीत रंग ढवळायला यायची,
रोजचे पाच रुपये, एक चहा,
आणि टर्पेंटाईनचा वास, जो आईला आवडत नसे.

पुढे चित्रकलेच्या वर्गात बिंदू, रेषा, आकार, पोत, तोल, लय
पाठ केलं. मार्क बरे पडले.
मुतगेकर यातला एकही शब्द वापरत नसत.

ते म्हणत, "मराठी अक्षर म्हणजे वाळत घातलेलं धुणं,
वरून लोंबतं. दोरी सैल पडली की सगळं चिखलात.
कन्नड तसं नव्हे. ते मडकं.
त्याला बुडाखाली जमीन दे."
आणि एकाला छत मारायचे,
एकाला फरशी.

म्हणत, "अक्षर रंगवायचं नसतं,
त्याच्या आतली मोकळी जागा राखायची असते.
पोट भरलं की अक्षर मेलं.
आपलं उलटं."
असं म्हणून डबा उघडायचे.

मग एका वर्षी टेप घेऊन माणूस आला.
कन्नड वर, मोठं. बाकीचं खाली, मापात.
चौकात दोन दिवस घोषणा, एक दिवस बाजार बंद.
मुतगेकर रंगाच्या डब्यांवर झाकणं घालून
विडी ओढत बसले.
चौथ्या दिवशी मला म्हणाले,
"तंबाखूच्या वखारीतला काटा बघितलाईस?
बोटभर वजन दांडीच्या टोकाला सरकवलं
की पोतं उचलतं."
आणि त्या दुकानाचं मराठी नाव त्यांनी
खालच्या कोपऱ्यात, एवढंसं,
भोवती हातभर पिवळं मोकळं सोडून
शेंदरी रंगात टाकलं.
डोळा आधी तिथंच जायचा.
टेपवाल्याच्या मापात चूक निघाली नाही.

मी हसले नाही. रागावलेही नाही.
मला वरचंही वाचता येत होतं.

त्यांना येत नव्हतं, हे मला उशिरा कळलं.
चाळीस वर्षं कन्नड पाट्या,
नुसत्या वळणांवर, चिठ्ठीतून नजरेनं उचललेल्या.
'अंगडी किराणा' करताना मी खालून म्हटलं,
"मामा, सोन्ने राहिलं."
"काय राहिलं?"
"शून्य. 'अ'च्या शेजारी. तुमचा अनुस्वार आहे तो."
ते बराच वेळ बघत राहिले,
एकदा वरच्या ओळीकडे, एकदा खाली.
"म्हणजे आमचा टिंब डोक्यावरनं उतरला,
पोट सुटलं, आणि शेजारी येऊन बसला म्हण की."

मग श्वास धरून, कंपास न घेता,
एका दमात फिरवलेला तो गोल
मी अजून कुणाच्या हातून बघितला नाही.

आता सगळीकडे फ्लेक्स. वाढदिवसाचे चेहरे,
ओळीनं गॉगल, मोकळी जागा बोटभरही नाही.
अंगडींचं शटर बंद आहे, पत्रा तेवढा राहिलाय.
तांबडा फिका झाला, पिवळा उन्हानं नेला.
परवा शेजारच्या चप्पलवाल्याची शिडी मागून चढले.

खालून काही वाचता येत नाही,
खरं बोटाला लागतं.
खाली एक टिंब, तुरीच्या डाळीएवढा,
भरल्या ब्रशानं एकदाच टेकवलेला.
वर तो गोल. कडा जाड, गुळगुळीत,
आत नुसता पत्रा, तापलेला,
आणि मधोमध गंजाचा एक खरबरीत ठिपका,
जो कुणी काढलेला नाही.

शिडी धरलेल्या पोराची चुळबुळ चालली होती.
मी म्हटलं, थांब जरा.
आता हलू नकोस.