फळी घेऊन डाकारला येणाऱ्याला

आधी फळी खाली ठेव.
तुला घाई आहे म्हणून समुद्र लवकर उठत नाही.
कोडू साम्बच्या टपरीवर कॉफी घे,
घशात ठसका लावणारी, तिथल्या मिऱ्यांची,
आणि ग्लास अर्धा होईतो नुसतं बघ :
एका दमात किती लाटा येतात,
मग पाणी किती वेळ श्वास धरून बसतं.
पाच येतात. कधी सात.
चाळीस वर्षं मोजतोय मी, अजून चुकतो.

नवशिका असशील तर योफ.
तळाला वाळू, पडलास तर वाळूच खाशील,
शाळा सुटलेली पोरं हसतील. हसू दे.
चारच्या सुमारास मासेमारीच्या होड्या परततात,
नाकावर नावं रंगवलेल्या, कुणाच्या आजीची, कुणाच्या पीराची.
तेव्हा बाजूला हो.
त्यांचं पोटाचं काम, तुझं मौजेचं.
होडी वर ओढायला हात दिलास तर दोन मासे मिळतील,
नको म्हणू नकोस.
आणि पहाटे एखादी म्हातारी लाटेत दही ओतताना दिसली
तर फोटो काढू नकोस.
ती ज्याला देते आहे तो या किनाऱ्यावर
तुझ्यामाझ्या आधीपासून राहतो.

न्गोरच्या बेटावर होडीने जावं लागतं.
भाड्याची घासाघीस कर जरूर,
पण आधी घरच्यांची खुशाली विचार,
आईची, मुलांची, गेल्या आठवड्यातल्या तापाची.
एवढं विचारल्यावर भाडं आपोआप उतरतं.
बेटामागची उजवी लाट लांब चालते.
डिसेंबरात, मतलई वारा तिचं तोंड पुसत असतो तेव्हा,
मला तर वाटतं कुणी हातरुमाल उलगडतंय.
तिथे रांग असते.
दिसत नाही, पण असते.
मोडलीस तर कुणी ओरडणार नाही,
फक्त पुढची प्रत्येक लाट
तुझ्याआधी दुसऱ्या कुणाची होईल.

खडपावर पाय टेकू नकोस.
काळे काटेरी गोळे दाटीने बसलेत,
त्यांचं तुझ्याशी वैर नाही, पण जागा त्यांची आहे.
काटा मोडलाच तर सुईने उकरत बसू नकोस.
माझी बायको यासिन पपईचा चीक लावते,
वर दोन शिव्या. दोन्हींनी गुण येतो.

वाकाम.
दोन मिनारांच्या पायथ्याशी ती खोल, जाड लाट.
तिच्याबद्दल मी फार सांगत नाही.
ओहोटीला तर अजिबात नको.
उसेनू तिच्यावर अनवाणी चालल्यासारखा जायचा,
आमच्या दुकानात वाढलेला पोर,
राळेने हात कायम चिकट.
एका रात्री योफहून सुटलेल्या होडीत बसला.
ऐंशीजण होते, उत्तरेला तोंड करून.
निघताना म्हणाला, पिवळीचं नाक तेवढं नीट करून ठेवा.

पोचला तो. सगळे पोचत नाहीत.
आता स्पेनमध्ये प्लास्टिकच्या छपराखाली टोमॅटो खुडतो.
तिथूनही समुद्र दिसतो, म्हणतो,
पण ताटलीतल्या पाण्यासारखा, चमचा टाकला तरच हलेल.
दर रविवारी फोन करतो.
आईआधी न्गोर विचारतो :
आज किती?
खरं सांगायचं तर हे सगळं
मला त्यालाच सांगून सांगून पाठ झालंय,
वारा कुठला, भरती कधी, कोण पडलं, कोण भांडलं.
पण ज्या दिवशी लाटा खरंच उभ्या असतात,
डोक्याच्या दीडपट, काचेसारख्या,
त्या दिवशी मी म्हणतो,
काही नाही रे, सपाट.
तो म्हणतो, बरं झालं.

फळी मोडलीस तर माझ्याकडे ये,
मशिदीच्या मागे तिसरं निळं दार.
दुरुस्तीला दोन दिवस लागतील,
तोवर भिंतीची कुठलीही घेऊन जा.
पिवळी सोडून.
ती नीट झालेली आहे.
उद्या सहाला ये, चपला घालू नकोस,
वारा पडला तर परत झोपू.