हंयसर

डिस्क माझ्या पिशवीत आहे, डब्याच्या शेजारी,
मधासारखी पिवळट, दोन पारदर्शक चकत्यांमध्ये
दीड मिलिमीटरचा थर.
ती वाचणारं यंत्र बनवायचं बंद झालं,
आमची प्रयोगशाळासुद्धा.
बाबलमामाला हे अजून सांगितलं नाही.

तो विचारतो, "लिवतंस कसां?"
लेसर एकच, मी म्हणते. त्याचे दोन करायचे.
एक जातो बारीक चौकटींच्या पडद्यातून,
दहा लाख घरं, उघडी किंवा मिटलेली;
तेच पान.
दुसरा कोराच येतो, तिरका, काही न सांगता.
कर्लीचं पाणी आणि भरतीची लाट
देवबागच्या टोकाशी भिडतात, तसे ते आत भिडतात.
चढावर चढ आला की उसळी,
चढावर खळगा आला की सपाट,
आणि ती घडी तिथेच गोठते,
वरवर नाही, पूर्ण जाडीभर.

"आणि वाचतंस कसां?"
पान घेऊन आलेला किरण पुन्हा लागत नाही.
कोरा तेवढा टाकायचा, त्याच तिरकसपणाने,
की पान उभं राहतं, अख्खं, एका झपाट्यात.
कोन केसभर बदल, त्याच जागेत
दुसरं पान. मग तिसरं. शेकडो.
मधल्या कोनांत अंधार.

मामा इंजिन मंद करतो.
"एकाच जाग्यार इतक्यो गजाली,
आणि मिसळनत नाय त्यो?"

मग स्वतःच हसतो.
निवतीचा बुरूज माडावर आणायचा
आणि दीपगृह खडकाच्या खांद्यावर:
खाली त्याच्या बापाने दिलेली खडप, तांबोशीची.
कागद नाही, आकडा नाही.
पण माड गेला. तिथे रिसॉर्टची पाण्याची टाकी, निळी.
खडप आहे तिथेच.

"टाकी धर मग."
"टाकी माडाच्या जाग्यार खंय? चार हात उजव्या बाजूक."
सुकाणू इकडे, जरासं तिकडे.
आमच्यातही हेच: थर आकसतो,
लिहिताना धरलेला कोन नंतर नेमका लागत नाही,
आसपास चाचपावं लागतं.

तिसऱ्या खेपेला त्याने शिसं सोडलं.
बुडाला फासलेल्या साबणात
चिकटून आले शिंपल्यांचे पांढरे कण,
खडकाची काळी कच,
एक काळा, दोन पांढरे, एक काळा, दाटीवाटीने.
मामाने अंगठा फिरवला.
"हंयसर."

गळ सोडता सोडता मी त्याला
प्रयोगशाळेचं सांगितलं.