उतरताना

आठ वर्षं मी एका पांढऱ्या जहाजावर होतो.
गावात विचारायचे, नेव्हीत का?
मी हो म्हणायचो. समजावत कोण बसणार.

जहाज एवढं अवाढव्य की लहान बंदरात मावत नसे,
लांबच नांगर टाकून म्हशीसारखं डुंबत राही,
आणि आम्ही होड्या खाली सोडायचो, माणसं काठाला न्यायला.
माझी ड्युटी दारात.
छातीवर पट्टी : मुंजा, इंडिया.
मुंजाजीतला जी पट्टीत बसला नाही.

आधी हिऱ्याचं कार्ड, मग सोन्याचं, मग चांदीचं,
मग पहिल्याच खेपेला आलेले, शर्टावर नंबर चिकटवून.
जहाजावर किती रात्री काढल्या त्यावर निष्ठा मोजत.
एका म्हाताऱ्याच्या सातशे बारा झाल्या होत्या,
रोज सांगायचा.
माझ्या दोन हजारांच्या वर.
कुणी विचारलं नाही, मीही काढलं नाही.

आता इथे, नाथसागराच्या फुगवट्यावर,
सटवाजी लिंबोऱ्याच्या होडीत डिझेल ओततो, दोर धरतो.
धक्का वगैरे काही नाही. गाळ, आणि गाळात एक बाभळीचा खुंटा.
पाणी उतरलं की खुंटा उपटून पुढे ठोकायचा.

पहिल्या मंगळवारी, बाजाराच्या दिवशी,
सवयीनं हात आडवा गेला माझा :
जुनं गिऱ्हाईक आधी!
तर सगळेच पुढे.
शाळेच्या बाई म्हणाल्या, मला नऊ वर्षं झाली.
दुधाचा कॅन म्हणाला, आमच्या वडलांपासून.
शेळीवाला म्हणाला, ही तर पोटात होती तेव्हापासून येतीय.
मोटरसायकल कोणाला न विचारता चढली.
सटवाजी इंजिनाची दोरी ओढता ओढता हसला, आणि दोरी तुटली.

हमीदाबी तेवढी काठावर,
बांगड्यांची पाटी गुडघ्यापाशी टेकवून.
तीस वर्षं, प्रत्येक मंगळवार. हिशेब केला तर हिरासुद्धा कमी पडेल.
हमीदाबी, तुम्ही आधी.
"बैस रे मुंजा. आधी चढलं की आत कोपऱ्यात जायचं,
आन उतरायला समद्याच्या मागं.
तवर लिंबाखालची जागा आलूवाला धरतो."

ती शेवटी चढली. नाकाडावर बसली, पाटी मांडीवर.
पलीकडे होडी गाळाला लागायच्या आत तिचा एक पाय जमिनीवर होता.
मागे मोटरसायकल शेळीत अडकलेली.

तेव्हा मला तो म्हातारा दिसला.
सगळ्यांत आधी आत, म्हणून सगळ्यांत खोल,
इंजिनाच्या बाजूला, खिडकीशी.
काठ आला की दारापाशी उभी नंबरवाली पोरं भसाभस सांडत,
आणि तो कार्ड हातात धरून बसलेला, गर्दी ओसरायची वाट बघत.
आठ वर्षं मी त्याचं कोपर धरून त्याला शेवटी उतरवलं
आणि माझ्या डोक्यात कधी आलं नाही.
एकदा तर उतरलाच नाही.
म्हणाला, याच होडीनं परत ने.
काठाशी त्याचं काही काम नसावं.
पहिलं नाव पुकारलेलं ऐकलं, झालं.

सटवाजी सांगतो, ज्या साली धरण आटलं
होडी भेगाळल्या गाळात कुशीवर पडून होती.
माणसं पायी निघाली, बाजार चुकत नाही.
पुढे सटवाजी, पैसे न घेता,
मागे बाई, कॅन, शेळ्या, होडीत बसायचे त्याच क्रमानं,
कुणी ठरवलं नव्हतं.
आणि सगळ्यांत मागे पाटी सांभाळत हमीदाबी.
त्या साली लिंबाखाली आलूवाला होता.

आज पाणी दोन बोटं उतरलंय.
मी खुंटा पुढे ठोकलाय.
ती काठावर बसलीय, पदरानं बांगड्यांवरची धूळ पुसत.
चढू देत सगळ्यांना.