मंगळवार

आयनो माणसांना नावानं हाक मारत नाही.
सोमवार उंच आहे, शीळ घालत येतो.
शुक्रवारची कंबर दुखते,
ती स्टुलावर बसून भांडी घासते.
मी मंगळवार.
सकाळी आठला बेल वाजवते,
बुटांवरचा बर्फ पायपुसण्यावर आपटते,
आणि आतून आरोळी येते : मंगळवार आला!

थंडर बे. तळमजल्यावरची दीड खोली.
खिडकीबाहेर नांगरून ढकललेल्या बर्फाचा ढीग,
ढिगापलीकडे सरोवर,
ज्याचा दुसरा काठ
आम्ही दोघांनीही कधी पाहिलेला नाही.

नऊ वर्षांचा असताना त्याला त्या विटांच्या इमारतीत नेलं.
बाहेर आला तेव्हा केस पांढरे.
बत्तीस खाटा, एका ओळीत.
दिव्याचं बटण खोलीत नव्हतं, ऑफिसात होतं.
म्हणून इथं आल्यावर पहिला महिनाभर
तो तिन्हीसांजेला अंधारात बसून राहायचा,
कोट अंगात, हात मांडीवर.
कुणीतरी उजेड करीलच.

आणखी एक आहे, ते फाईलमध्ये नाही.
बाथरूममधून बाहेर येण्याआधी
तो दार वाजवतो.
आतून.
स्वतःच्या घरात.
पहिल्यांदा मी म्हणायची, ये.
नंतर जीभ चावून गप्प राहायला शिकले.
दहा टकटकी, कधी पंधरा.
मग कडी निघते.

फॉर्मवर लिहायचं असतं :
ध्येय तीन, ब्रेडला लोणी लावणे, दोन सूचनांत.
मी लिहिते, साध्य.
हे कुठं लिहू, की तो लोणी कडेपर्यंत नेतो,
चारी कोपऱ्यांत सुरीच्या टोकानं भरतो,
चहा गार होतो, माझी पुढची बस जाते,
कारण तिथं इतकी वर्षं कुणीतरी
मधोमध एक ठिपका टाकून
पुढच्या ताटाकडे गेलं होतं?

नोव्हेंबरात पत्र आलं. गुरुवारचे चार तास कापले.
मी कॅलेंडर घेऊन बसले.
गुरुवार आता येणार नाही, आयनो.
आजारी?
नाही.
मेला?
तिथं यायची थांबलेली माणसं मेलेली असत.
नाही रे. पैसे नाहीत.
त्यानं उठून दोन्ही खिसे उलटे केले.
सात नाणी, एक बटण, बसचं जुनं तिकीट.
घे, म्हणाला. गुरुवारला दे.

ते मी घेतलं नाही. घ्यायला हवं होतं का,
अजून ठरत नाही.

मग फेब्रुवारीतला एक गुरुवार.
माझी सुट्टी. दुकानात रांगेत मी, हातात कांदे.
पुढं तीन माणसं सोडून त्याची लाल टोपी.
दूध, मोहरीची बाटली, एक बल्ब.
तो मोजत होता.
एकेक नाणं काउंटरवर ठेवत,
ठेवलेलं पुन्हा सरळ करत.
एक घरंगळलं. तो त्याच्या मागं गेला,
सावकाश, चिप्सच्या रॅकपर्यंत.
माझ्या पुढचा माणूस खाकरला.
माझा हात आपोआप उठला,
नोकरी हातात शिरलेली असते.
मी तो खिशात कोंबला, वर मूठ आवळली.
गल्ल्यावरची पोरगी नखं बघत उभी राहिली,
देव तिचं भलं करो.

पावती घेऊन वळला तेव्हा त्याला मी दिसले.
बराच वेळ बघत राहिला.
आज मंगळवार नाही.
नाही.
मग तू कोण?

चार वर्षं.
दाढीचा साबण, गोळ्यांचा डबा, तापातल्या दोन रात्री.
ओरिस्या, मी म्हटलं.
ओ, तो म्हणाला. ओ-रिस.
उरलेलं त्यानं तोंडातच ठेवलं, 
पावतीची चौघडी घातली.
मंगळवारी परत सांग.

काचेचं दार त्याच्या आधीच उघडलं.
तो थबकला. हात वर गेला,
वाजवायला तिथं काहीच नव्हतं.

पट्टा सरकला, माझे कांदे पुढं गेले.
पोरगी म्हणाली, ओळखीचा आहे का?