कुंपणाची उंची

अर्ज अकरा पानांचा.
घर मिळालं तेव्हा तीन पानी होता,
लेनर्डशी लग्न केलं तेव्हा तर एक सही, झालं.

पान दोन. अंगणाचं कुंपण किती उंच?
माझ्या छातीपर्यंत, मी लिहिलं.
टॅम्सिन म्हणाली, छाती चालत नाही, फुटांत लिहा.
पोरगी चांगली आहे. तिच्या स्वेटरला
कुत्र्यांच्या सगळ्या जाती चिकटलेल्या.

तो तिसऱ्या जाळीमागे. टपेन्स.
म्हणजे दोन पेन्स. एवढ्यात आता लोस्टॉफ्टमध्ये
तळणीतला चुरासुद्धा मिळत नाही.
नऊ वर्षांचा, राखाडी, एका कानाला चीर.
बाकीचे जाळीवर झेपावत होते,
हा नुसता उठला,
आणि उठताना मागचे पाय
माझ्यासारखेच, आधी विचार करून हलवले.
एवढंच झालं.
याहून जास्त काही झालं असं मी सांगणार नाही.

पुढे महिनाभर कागद.
घर नगरपालिकेचं, तर त्यांचं पत्र हवं.
त्यांना आधी शेल्टरचं पत्र हवं.
शेल्टर म्हणे, आधी त्यांचं येऊ द्या.
मी बसने पलीकडे, बसने अलीकडे,
मांडीवर प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत मी कोण याचे पुरावे.
दोन ओळखीची माणसं द्या, नात्यातली नकोत.
माझ्या ओळखीची बहुतेक आता चर्चच्या मागे झोपलीत.
एक शेजारचा क्लाइव्ह सापडला,
दुसरी माझे केस कापणारी.

पान नऊ. तुमच्यानंतर कुत्र्याचं काय?
वय एकाहत्तर, प्रश्न रास्त आहे.
पण इतक्या स्वच्छ छापील अक्षरांत
तो मला पोटच्या पोरानेही विचारला नव्हता.

मग मोजपट्टीवाला आला. चहा नको म्हणाला.
चार फूट दोन इंच. सहा हवेत.
अहो, तो पायरीशी थांबून दम खातो, तो उडी कसली मारतोय?
म्हणाला, नियम सगळ्या कुत्र्यांचा असतो, एका कुत्र्याचा नाही.

क्लाइव्हने फळ्या आणल्या. दोन रविवार ठोकाठोक,
एक पेन्शन खलास.
घेवड्याचं ऊन गेलं.
सिंकपाशी उभं राहिलं की समुद्राची
बोटभर पट्टी दिसायची, तीही गेली.
सोमवारी फोन केला. टॅम्सिन जरा वेळ गप्प.
नॉरिचचं कुटुंब होतं, दोन मुलं, मोठं अंगण,
शनिवारीच नेला.
दुसरा दाखवू का?
जणू बूट पायात बसला नव्हता.

सात आठवडे.
मग तिचाच फोन, धापा टाकत.
परत आलाय. जिन्याखाली बसून राहतो म्हणे, मुलांशी खेळत नाही.
निघते, म्हटलं.
या, पण
अर्ज नव्याने भरावा लागेल,
जुना सहा आठवड्यांनी बाद होतो.

तर टेबलावर पुन्हा अकरा पानं.
कुंपण सहा फूट. हे लिहिताना पेन इतकं दाबलं
की आकडा पुढच्या पानावर उमटला.

पान सात.
याआधी पाळलेला प्राणी कधी सोडून दिला आहे का?
मागच्या वेळी मी 'नाही' लिहिलं होतं, भरभर,
पुलावरून जाताना खाली बघत नाहीत तसं.

नेल.
मासळीच्या कारखान्याने दारं लावली तो हिवाळा,
पोरगा दीड वर्षाचा, दूध मोजून.
बेक्लसकडच्या एका शेतकऱ्याला दिली.
लोक म्हणतात कुत्री मागच्या काचेतून वळून बघतात.
तिने नाही बघितलं.
ती पुढेच बघत होती,
मी पुढच्या सीटवर बसलेय असं समजून.

प्रश्नाखाली जागा दीड ओळीची.
ती संपली, समासही संपला,
आता पान उलटून
मागच्या कोऱ्या बाजूला लिहितेय.