भरपाईची मिनिटं

हिद्दच्या मशिदीमागे, गल्लीच्या तोंडाशी
नौफलची चहाची टपरी. टीव्ही फुटपाथवर,
वायर खिडकीतून आत, म्हणून खिडकी उघडी,
आणि एसीचं गार फुकट रस्त्यावर सांडतंय.
ऑगस्ट. रात्रीचे साडेदहा. चष्म्यावर वाफ.
समुद्र दिसत नाही इथून, बनियनला लागतो फक्त.

क्लेटन येतो. ओक्लाहोमाचा, व्हॉल्व्हचा माणूस.
प्लास्टिकच्या खुर्चीत जपून टेकतो;
मागच्या महिन्यात एक मोडली त्याने,
दोन दिनार भरले, वर आठवडाभर सॉरी म्हणत होता.

सत्तराव्या मिनिटाला विचारतो,
इल्यास, अजून शून्य-शून्यच?
हो.
मग आपण इतका वेळ काय बघत होतो?

नौफल मलप्पुरमचा. त्याला हा प्रश्न
आईवरून दिलेल्या शिवीसारखा लागतो.
गाळणं आपटून म्हणतो, तो डावीकडचा पोरगा बघ,
बॉल नसताना कसा धावतोय.
क्लेटन बघतो. बॉलकडेच बघतो.

त्याच्या गावच्या खेळात वीतवीत जमीन मोजतात.
थांबायचं, मोजायचं, पुन्हा मांडायचं,
मध्ये जाहिरात, मध्ये बायकोला फोन.
इथे पाऊण तास कुणी उठूच देत नाही,
आणि उठलं की नेमका तेव्हाच गोल होतो.
(झाला होता एकदा. तो मुतायला गेला होता.
तो गोल त्याने अजून मान्य केलेला नाही.)

आणि हात?
पान्यांनी सोललेले पंजे तो माझ्यापुढे धरतो.
देवाने एवढे दिले, आणि नेमके हेच वापरायचे नाहीत?
ह्यावर मी गप्प बसलो. आमचं सगळ्यांचं
हातावरच पोट.

एकदा मी त्याला सांगून बसलो
की आमच्याकडे पाच दिवस खेळून बरोबरी होते,
मध्ये जेवणाची सुट्टी, चहाचीही असते.
त्या दिवशी तो चहा अर्धा टाकून गेला.

पण खरं घोडं अडतं ते घड्याळापाशी.
तिकडे घड्याळ शून्याकडे उतरत येतं,
संपलं की संपलं, सगळ्यांना दिसतं.
इथे ते चढत जातं, आणि नव्वद झाल्यावरही
रेफरीच्या मनगटात आणखी थोडं उरलेलं असतं.
किती, ते त्यालाच ठाऊक.
क्लेटन अठ्ठावीस दिवसांची फुली मारत जगतो,
एकोणतिसाव्याला विमानात.
माझी दोन वर्षं मार्चमध्ये भरली.
कंपनी म्हणाली, आणखी थोडं.
म्हणून असेल, मला तो खेळ समजावून सांगावा लागला नाही.

माझी पोरगी खेळायची हे, तो अचानक म्हणतो,
नऊ वर्षांची असताना. शनिवारी सकाळी,
आया डब्यातून संत्र्याच्या फोडी आणायच्या.
मग?
मग मोठी झाली. तिकडे सगळीच पोरं खेळतात हे,
आणि मोठी होतात.
कुठल्या जागेवर खेळायची?
तो टीव्हीकडे बघत राहतो.
मी तेव्हा अबकैकला होतो, म्हणतो.

चार मिनिटांची पाटी वर गेली.
त्र्याण्णवाव्याला त्याच डावीकडच्या पोराने
लांबून मारला, आणि बॉल खांबाला लागून
परत आला, टणकन,
सगळी गल्ली उभी. सुदानी ड्रायव्हर, शिंपी, नौफल,
क्लेटनही उभा, खुर्ची मागे उलटी पडलेली,
दोन्ही हात डोक्यावर.

शिट्टी.

हे कुठे लिहितात का? त्याने विचारलं.
काय?
हे आत्ताचं. खांबाचं.
नाही.
कुठेच?
निकाल शून्य-शून्य. बाकी कुठेच नाही.

त्याने खुर्ची उचलली, पाय तपासले, शाबूत होते.
नौफलने वायर गुंडाळून खिडकी लावून घेतली.
माझी बस सकाळी पावणेपाचला.
त्याला न्यायला गाडी येते, सातला.